सोप्यात फुल रेंज, मागच्या खोलीत गायब: घरातल्या राउटरची योग्य जागा कशी शोधायची

"ओ दादा, नेट आहे, पण आतल्या खोलीत चालत नाही." मला येणारे निम्मे फोन याच वाक्यानं सुरू होतात. घर शुक्रवार पेठेतलं असो, राजारामपुरीतलं असो की कळंब्याच्या नव्या अपार्टमेंटमधलं, तक्रार तीच. कोल्हापुरात घरोघरी वायरिंग आणि नेटवर्कचं काम करताना हा एकच दोष इतक्यांदा काढलाय की राउटर कुठं असेल ते आता दारातूनच सांगता येतं. फायबरची वायर जिथून घरात शिरली, तिथून हातभर अंतरावर. जोडायला आलेल्या मुलाला तिथं सोपं पडतं, वायर कमी लागते, भिंतीला एकच भोक पडतं. घरातली माणसं कुठं बसतात, पोरं कुठं अभ्यास करतात, हा विचार त्या दिवशी कोणीच करत नाही.

म्हणून नवीन बॉक्स (राउटर) किंवा मोठा प्लॅन घ्यायच्या आधी खालच्या तपासण्या क्रमानं करा. पहिल्या चारांना बहुतेक एक रुपयाही लागत नाही, आणि मी गेलेल्या बहुतेक घरांत काम तिथंच संपलंय.

लक्षणं

- राउटरच्या खोलीत व्हिडिओ लगेच सुरू होतो. दोन भिंती ओलांडल्या की नुसतं गोल फिरत राहतं.
- फोनवर वाय-फायच्या दोन-तीन काड्या दिसतात, पण वाय-फाय बंद करून मोबाइल डेटा लावला की काम लवकर होतं.
- व्हिडिओ कॉलवर समोरच्याचा आवाज तुम्हाला नीट येतो, तुमचा मात्र त्याला तुटक जातो.
- अभ्यासाच्या खोलीचं दार लावलं की क्लास अडकतो, उघडलं की चालतो.
- माडीवर जिन्याच्या तोंडाशी रेंज आहे, बेडरूममध्ये नाही.
- रात्री आठ ते अकरा त्रास, पहाटे सगळं सुरळीत.

शेवटचं लक्षण एकटंच असेल तर दोष जागेचा नसण्याची शक्यता जास्त. ते शेजाऱ्यांच्या वाय-फायमुळं होतं किंवा कंपनीच्या लाइनवरच्या गर्दीमुळं. शेजाऱ्यांच्या वाय-फायचं पुढं 'चॅनेल'मध्ये बघू.

आधी ठरवा: दोष वाय-फायचा की लाइनचा

राउटरपासून पाच-सहा फुटांवर उभं राहा, मध्ये काही आडवं नको, आणि स्पीड टेस्ट घ्या. मग त्रास असलेल्या खोलीत जाऊन तीच टेस्ट घ्या. जवळ ९० एमबीपीएस (नेटच्या वेगाचं माप) आणि खोलीत ६ येत असेल तर हे पुढचं सगळं तुमच्यासाठीच आहे. १०० चा प्लॅन असून जवळ उभं राहूनही १५ च येत असेल तर राउटर घरभर फिरवून उपयोग नाही, लाइन किंवा बॉक्स बघावा लागेल.

ही तपासणी सगळ्यात सोपी आणि लोक सगळ्यात जास्त टाळतात. मंगळवार पेठेतल्या एका मावशींनी वर्षभर १०० ऐवजी ३०० च्या प्लॅनचे पैसे भरले होते, कारण स्वयंपाकघरात फोन चालत नव्हता. राउटरजवळ त्यांना ३०० मिळत होते. स्वयंपाकघरात आधीही ५ मिळत होते आणि नंतरही ५ च. प्लॅन म्हणजे टाकीत येणारं पाणी, ते मागच्या नळापर्यंत नेणारी पाइप वेगळी.

लॅपटॉप असेल तर आणखी एक खात्री करता येते. कमांडच्या खिडकीतून राउटरच्या पत्त्याला पिंग करा, म्हणजे ping आणि पुढं तो पत्ता लिहून उत्तर यायला किती वेळ लागतो ते बघा. बऱ्याच घरांत तो १९२.१६८.१.१ असतो, बॉक्सच्या मागच्या चिठ्ठीवर छापलेला सापडेल. वाय-फायवर उत्तर सलग १० मिलिसेकंदांच्या आत येत असेल तर तुमच्यापासून राउटरपर्यंतचा रस्ता साफ आहे, अडचण त्याच्या पलीकडं आहे. उत्तर एकदा ४, एकदा ३५०, मग एकदा आलंच नाही, असं होत असेल तर दोष घरातल्या हवेतला.

बॉक्सवर एलओएस नावाचा दिवा असतो. तो लाल झाला किंवा लाल लुकलुकला म्हणजे फायबरमधून प्रकाश पोचत नाही. मग थांबा आणि कंपनीला फोन करा, घरात करण्यासारखं त्यात काही नाही. फायबरचं टोक काढून पुसू नका आणि त्यात डोळा घालून बघू नका. त्यातून येणारा प्रकाश अवरक्त असतो, डोळ्याला दिसत नाही, म्हणून तो नाही असं वाटतं.

अडॅप्टर आणि पट्टा

अधूनमधून सगळ्या घराचंच नेट मिनिटभर जाऊन परत येत असेल, तर त्या वेळी बॉक्सचे दिवे बघा. सगळे विझून पुन्हा लागत असतील तर बॉक्स रिस्टार्ट होतोय. कारण बहुतेक वेळा म्हातारा झालेला अडॅप्टर किंवा ढिला प्लग असतो. नवीन अडॅप्टर घेताना जुन्यावर छापलेले व्होल्ट तंतोतंत जुळले पाहिजेत, अँपियर तेवढे किंवा जास्त चालतात. पिनची मापं आणि तिचं प्लस-मायनसही बघून घ्या.

मग पट्टा बघा. हल्लीचे बहुतेक राउटर २.४ आणि ५ गीगाहर्ट्झ अशा दोन पट्ट्यांवर चालतात. ५ चा वेग जास्त, पण भिंतीपुढं तो लवकर दमतो. मोकळ्या हवेतसुद्धा तेवढ्याच अंतरावर तो २.४ पेक्षा साधारण ६ ते ७ डेसिबल (सिग्नलच्या ताकदीचं माप) कमी मोजला जातो, आणि विटांची भिंत आली की फरक आणखी वाढतो. दोन्ही पट्ट्यांना एकच नाव असेल तर फोन कधी कधी लांबच्या खोलीतही ५ लाच चिकटून बसतो. राउटरच्या सेटिंगमध्ये दोन्हींना तात्पुरती वेगळी नावं द्या आणि मागच्या खोलीत २.४ वर बघा. तेवढ्यानं भागलं तर काम झालं. मेसेज, पैसे पाठवणं, साधा व्हिडिओ यांना २.४ पुरतं.

काड्या बघू नका, आकडा बघा

फोनवरच्या काड्या किती ताकदीला किती दाखवायच्या हे फोन बनवणारी कंपनी ठरवते. एका फोनवर तीन, दुसऱ्यावर दोन, जागा तीच. म्हणून अँड्रॉइड फोनवर वाय-फाय मोजणारं एखादं फुकटचं ॲप घ्या. त्यात सिग्नल डीबीएममध्ये दिसतो आणि तो नेहमी उणे असतो. शून्याच्या जितका जवळ तितका चांगला.

उणे ५० म्हणजे राउटर जवळपासच आहे. उणे ६० पर्यंत सगळं मजेत चालतं. व्हिडिओ कॉल आणि ऑनलाइन क्लाससाठी मी उणे ६७ ही हद्द धरतो. उणे ७० च्या पुढं तुटायला लागतं, आणि उणे ८० ला नाव दिसतं पण काम होत नाही. या मोजमापात आकडा ३ नं घसरला की ताकद निम्मी होते, १० नं घसरला की दहावा भाग उरतो. म्हणजे उणे ६७ आणि उणे ७७ यांत फरक फक्त दहाचा दिसतो, पण ताकद दहा पटींनी घटलेली असते. म्हणूनच एखादं लोखंडी कपाट मधून हटवल्यावर क्लास चालू होतो. काठावर उभं असलेल्या माणसाला एक पाऊल मागं यायचं असतं, तेवढंच.

आता वहीच्या पानावर घराचा कच्चा नकाशा काढा आणि प्रत्येक खोलीत माणूस जिथं खरोखर बसतो किंवा झोपतो तिथं आकडा लिहा. दारं रोज असतात तशी ठेवा. पोरगं दार लावून अभ्यास करत असेल तर दार लावूनच मोजा. फोन छातीशी धरून राउटरकडं पाठ करू नका, आपलं शरीर बहुतेक पाणीच आहे आणि पाणी हा सिग्नल शोषून घेतं. प्रत्येक जागी अर्धा मिनिट थांबा, आकडा चार-पाचनं हलतोच, मधला लिहा. दोन्ही पट्ट्यांचे आकडे वेगळे लिहा.

हा कागद जपून ठेवा. पुढं राउटर हलवला, वायर ओढली, काहीही केलं तरी फरक पडला का, हे यावरूनच कळणार. कागद नसला की "आता जरा बरं वाटतंय" यावर काम थांबतं आणि चार दिवसांनी पुन्हा फोन येतो.

जागा

खरी मेहनत इथं घ्यायची, कारण इथं पैसे लागत नाहीत आणि फरक सगळ्यात मोठा पडतो.

राउटर शोकेसमधून बाहेर काढा. टीव्हीच्या मागं, काचेच्या दाराआड, फोटोफ्रेमच्या रांगेमागं तो दिसत नाही म्हणून बरा वाटतो. पण टीव्हीची पाठ म्हणजे धातूचा मोठा पत्रा, तो त्या दिशेला सरळ अडवतो. तिजोरी, फ्रिज, कपाटाच्या दारावरचा आरसा, माशांची टाकी, लॉफ्टवरची पाण्याची टाकी या सगळ्यांची सावली पडते. बल्ब लावला तर सावली कुठं पडेल असा विचार करा, राउटरचंही बरंचसं तसंच असतं. आरशात काचेचा दोष नाही, मागचा धातूचा मुलामा अडवतो. खिडकीला डासांची जाळी ॲल्युमिनियमची असेल तर गॅलरीत सिग्नल पडण्याचं कारण तीच असू शकते, फायबरग्लासची जाळी असा त्रास देत नाही. स्वयंपाकघरात मायक्रोवेव्ह असेल तर तो २.४५ गीगाहर्ट्झवर चालतो, म्हणजे राउटरच्याच पट्ट्यात. दूध गरम होईपर्यंत आसपासचं २.४ चं नेट अडखळतं. राउटर त्याच्यापासून लांब ठेवा.

उंची पाच ते सहा फूट चांगली. जमिनीवर ठेवलेल्या राउटरला सोफा, टेबल, पलंग सगळं ओलांडावं लागतं. पण अगदी स्लॅबला चिकटवूही नका, स्लॅबमध्ये सळ्यांची जाळी असते. २०१९ आणि २०२१ च्या महापुरानंतर सखल भागातल्या काही घरांत बोर्ड वर नेताना राउटरही पार छताच्या कोपऱ्यात नेलेला मी पाहिलाय. पाण्यापासून वाचवायचं ते बरोबरच आहे, फक्त छतापासून दीड-दोन फूट खाली आणि कोपऱ्यातून बाहेर घ्या.

आता घराच्या आकाराचं. पेठांतली जुनी घरं तोंडाला अरुंद आणि आत लांब. पुढं सोपा, मग माजघर, स्वयंपाकघर आणि मागं परडं. राउटर सोप्यात रस्त्याकडच्या भिंतीवर असला तर त्याचा निम्मा सिग्नल गल्लीत जातो आणि उरलेला एकामागून एक भिंती ओलांडत मागं येतो. नव्या घरातली आतली भिंत चार किंवा नऊ इंची विटांची असते. जुन्या घरात काळ्या दगडाच्या किंवा मातीच्या दीड-दोन फुटी भिंती सापडतात, आणि अशी एक भिंत ५ गीगाहर्ट्झला जवळजवळ संपवते. पावसाळ्यात ओल धरलेली मातीची भिंत त्याहून वाईट. ओलावा म्हणजे पाणीच, आणि आपल्याकडं जून ते सप्टेंबर भिंती सुकायला उसंत मिळत नाही. अशा घरात राउटर माजघरात आणला, तोही सोप्याच्या आणि स्वयंपाकघराच्या दारांच्या रेषेत, तर सिग्नल भिंतीतून न जाता उघड्या दारांतून जातो. जुन्या घरांत दारं बहुतेक एका ओळीत असतात. त्या ओळीचा फायदा घ्या.

भिंत तिरकी ओलांडायला लावू नका, हे नव्या घरांतही महत्त्वाचं. नऊ इंची भिंत समोरून ओलांडली तर नऊ इंच. फार तिरक्या रेषेत ओलांडली तर सिग्नलला तीच भिंत अठरा इंचांची होते. नकाशावर राउटरपासून त्रास असलेल्या जागेपर्यंत पट्टीनं रेघ मारा. रेघ भिंतीच्या कडेनं घासत जात असेल तर राउटर तीन-चार फूट बाजूला घेऊन बघा. एका घरात एवढ्याच हलवण्यानं अभ्यासाच्या टेबलावरचा आकडा उणे ७८ वरून उणे ६६ झाला होता. नवीन काहीही घेतलं नव्हतं.

दोन मजली घर असेल तर जिन्याचा मोकळा भाग हाच तुमचा रस्ता. स्लॅबमधून जाण्यापेक्षा जिन्यातून वर जाणं सिग्नलला सोपं पडतं. राउटर खालच्या मजल्यावर जिन्याच्या तोंडाशी ठेवून बघा.

अँटेना बाहेर असतील तर त्यांच्याबद्दल एक गैरसमज फार आहे. टोक ज्या दिशेला, सिग्नल त्या दिशेला, असं लोक समजतात. उलट आहे. काडीसारख्या अँटेनाचा सिग्नल तिच्या चारी बाजूंना मेदुवड्यासारखा पसरतो आणि टोकाच्या दिशेला सगळ्यात कमी जातो. मागच्या खोलीकडं टोक करून अँटेना रोखली तर तिथंच कमी पोचेल. एक मजली घरात सगळ्या उभ्या ठेवा. माडीवरही पोचवायचं असेल तर एक आडवी करून बघा आणि आकडा पुन्हा लिहा.

जागा पक्की करण्याआधी तात्पुरती मांडणी करा. एक्स्टेन्शन बोर्ड आणि स्टूल घ्या, राउटर नव्या जागी ठेवा, दोन दिवस घर वापरू द्या. इथं एक अडचण येते, फायबर आखूड पडतं. ते ओढू नका. त्याच्या आत केसासारखी बारीक काच असते. दारात चेमटली, खिळ्याला कोनात वळवली, तारेनं घट्ट बांधली की प्रकाश गळतो. बऱ्याच बॉक्सच्या सेटिंगमध्ये फायबरमधून येणाऱ्या प्रकाशाचा आकडा दिसतो. तो उणे १५ ते उणे २५ डीबीएममध्ये असेल तर सहसा ठीक. उणे २७ च्याही खाली घसरला तर तंत्रज्ञच लागेल. फायबर पुरेसं नसेल तर कंपनीचा बॉक्स आहे तिथंच राहू द्या आणि त्यातून लॅनची (घरातल्या नेटवर्कची) वायर काढून वेगळा राउटर घराच्या मध्यावर न्या. हे पुढं येतंच.

चॅनेल

राजारामपुरीच्या किंवा ताराबाई पार्कच्या अपार्टमेंटमध्ये ॲप उघडलं की वीस-पंचवीस नावं दिसतात. चॅनेल म्हणजे पट्ट्याचा एक छोटा भाग. २.४ च्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारी चॅनेलं तीनच, १, ६ आणि ११. एकाच चॅनेलवरचे दोन राउटर एकमेकांचं ऐकून पाळीपाळीनं बोलतात, ते चालतं. मधल्या ३ किंवा ४ वर बसलात तर दोन्हीकडचा गोंगाट तुमच्या वाट्याला येतो, आणि तुमचा त्यांच्या. म्हणून तिन्हींतलं कमी गर्दीचं निवडा आणि रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा. ४० लावून वेग वाढेल असं वाटतं, पण दाट वस्तीत उलटं होतं.

५ मध्ये जागा भरपूर आहे. ३६ ते ४८ किंवा १४९ ते १६१ यांतलं घ्या. ५२ ते १४४ मधली चॅनेलं रडारबरोबर वाटून घेतलेली आहेत. राउटरला रडारची चाहूल लागली तर नियमानं त्याला ते चॅनेल सोडावं लागतं आणि तुमचं नेट क्षणभर जातं.

सेटिंगमध्ये ताकद वाढवायचा पर्याय दिसला तरी त्यावर भिस्त ठेवू नका. राउटर मोठ्यानं ओरडला तरी फोनचा आवाज तेवढाच राहतो, आणि बोलणं दोन्हीकडून व्हावं लागतं. तुमचा आवाज तुटक जाण्याचं लक्षण आलं ते इथूनच.

वायर ओढून दुसरा अ‍ॅक्सेस पॉइंट

जागा बदलूनही एखाद-दुसरी खोली उणे ७० च्या पलीकडंच राहत असेल, तर एका राउटरनं ते घर भरणार नाही हे मान्य करा. आता पैसे लागतील. माझं मत स्पष्ट आहे: पहिले पैसे वायरवर घाला. तिच्या दुसऱ्या टोकाला अ‍ॅक्सेस पॉइंट, म्हणजे वायरीतलं नेट वाय-फायनं पसरवणारा बॉक्स, बसतो. पंधरा-वीस मीटर चांगली वायर बऱ्या एक्स्टेंडरपेक्षा (राउटरचा सिग्नल हवेतून घेऊन पुढं पाठवणारा बॉक्स) बहुतेक स्वस्तच पडते, आणि एकदा पाइपमध्ये बसली की वर्षानुवर्षं बघावी लागत नाही.

कॅट-६ घ्या, निदान कॅट-५ई. शंभर मीटरपर्यंत दोन्हींवर १००० एमबीपीएस सहज जातं. दुकानात तांब्याची आहे का हे विचारून घ्या. स्वस्त वायरीत ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा असतो, ती वळवताना तुटते. वायर विजेच्या पाइपमधून नेऊ नका, वेगळ्या पट्टीतून न्या. टोकाचं क्रिंपिंग, म्हणजे क्लिप दाबून बसवणं, झाल्यावर वेग मोजा. तो ९४-९५ वरच अडकत असेल तर आठांतली एखादी तार बसलेली नाही असं समजा, कारण १०० ला चार तारा पुरतात आणि १००० ला आठही लागतात. क्लिप कापून पुन्हा मारा.

घरात जुना राउटर पडून असेल तर त्याचाच अ‍ॅक्सेस पॉइंट होतो. सेटिंगमध्ये तसा मोड असला तर तो निवडा, बाकी सगळं तो स्वतः करतो. नसला तर तीन गोष्टी करा. त्याचा पत्ता बदलून १९२.१६८.१.२ करा, म्हणजे पहिल्याशी भांडण नको. पण पहिल्याचा पत्ता वेगळ्या मालिकेतला असेल तर त्याच मालिकेतला मोकळा आकडा द्या. त्यातलं डीएचसीपी बंद करा, घरात पत्ते वाटणारा एकच असावा. आणि वायर त्याच्या वॅनच्या (बाहेरून नेट येणाऱ्या) भोकात न घालता लॅनच्या भोकात घाला. हे चुकलं की प्रिंटर सापडत नाही, टीव्हीवर फोन दिसत नाही अशा वेगळ्याच तक्रारी सुरू होतात. नाव आणि पासवर्ड दोन्हींना तेच द्या, चॅनेल मात्र वेगळं. पहिला १ वर तर दुसरा ६ किंवा ११ वर.

दुसरा कुठं लावायचा? अगदी शेवटच्या कोपऱ्यात नको, तिथंही निम्मा सिग्नल परड्यात जाईल. पहिल्याचा आकडा उणे ६५-७० च्या आसपास येतो, त्या जागेच्या थोडं पुढं, त्रास असलेल्या खोल्यांच्या मध्यावर लावा. फार जवळही नको. बरेच फोन उणे ७० पर्यंत घसरल्याशिवाय जुना धरलेला सोडतच नाहीत. दोन्ही जवळजवळ असले तर मागच्या खोलीत बसूनही फोन पुढच्यालाच धरून राहील. माडीवर लावत असाल तर खालच्याच्या बरोबर डोक्यावर नको, घराच्या दुसऱ्या बाजूला घ्या. खालचा पुढच्या भागात, वरचा मागच्या भागात, म्हणजे दोन्ही मजल्यांचे कोपरे भरतात.

घर नव्यानं बांधत असाल तर माझं ऐका. गिलावा व्हायच्या आधी प्रत्येक मजल्याच्या मध्यावर, छताजवळ, डेटासाठी वेगळा पाइप टाकून घ्या. तिथं पुढं छताला लावायचा अ‍ॅक्सेस पॉइंट बसतो आणि त्याला वीजही त्याच लॅनच्या वायरीतून देता येते, वेगळा प्लग लागत नाही.

वायर शक्यच नसेल तर

भाड्याचं घर आहे, मालक भोक पाडू देत नाही, अशा वेळी एक्स्टेंडर किंवा मेश, म्हणजे आपसात बोलणाऱ्या बॉक्सचा संच. एकच चूक टाळा. एक्स्टेंडर मृत खोलीत लावू नका. जिथं त्यालाच काही ऐकू येत नाही तिथून तो पुढं काय सांगणार? राउटरचा आकडा उणे ६० ते उणे ६५ आहे अशा मधल्या जागी लावा. एकाच पट्ट्यावर ऐकणारा आणि बोलणारा साधा एक्स्टेंडर वेग जवळजवळ निम्मा करतो, कारण प्रत्येक गोष्ट हवेतून दोनदा जाते. मेशमध्ये आपसात बोलायला वेगळा पट्टा असला तर हा तोटा कमी होतो. मेशच्या बॉक्सनाही नंतर वायर जोडता येते, घेताना मागं लॅनचं भोक आहे का एवढं बघा.

इथं थांबा, माणूस बोलवा

एलओएस लाल, फायबर तुटलेलं किंवा चेमटलेलं, प्रकाशाचा आकडा उणे २७ च्या खाली: कंपनीचा तंत्रज्ञ. फायबर जोडायला वितळवून जोडणारं यंत्र लागतं, चिकटपट्टीनं ते होत नाही.

राउटरला किंवा लॅनच्या वायरीला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर मेन स्विच बंद करा आणि परवानाधारक इलेक्ट्रिशियन बोलवा. तो अर्थिंगचा दोष असू शकतो, आणि तो मिटेपर्यंत नेटचं काहीही करायचं नाही.

भिंतीत कन्सील वायरिंग कुठून गेलंय हे माहीत नसेल तर ड्रिल लावू नका. जुन्या मातीच्या किंवा दगडी भिंतीला मोठं भोक पाडायचं असेल तर गवंड्याला विचारल्याशिवाय नको. त्या भिंतींवर माडीचा भार असतो.

गच्चीवरून शेजारच्या इमारतीत किंवा परड्यातल्या खोलीत उघड्यावरून तांब्याची लॅन वायर नेऊ नका. वळवाच्या पावसात जवळपास वीज पडली तर त्या वायरीतून दोन्हीकडचे बॉक्स जळतात, माणसालाही धोका असतो. तिथं फायबर टाकतात आणि ते काम जाणकाराचं. शिडी लावून पत्र्यावर चढण्याचंही तसंच.

आणि तीनपेक्षा जास्त अ‍ॅक्सेस पॉइंट लागत असतील, वरच्या मजल्यावर विद्यार्थी भाड्यानं ठेवलेत, खाली दुकान आहे, तर नेटवर्कचं काम करणाऱ्याकडून एकदा नीट आखणी करून घ्या. भाडेकरूंचं नेट घरच्यापासून वेगळं काढायचं काम त्यातच होऊन जाईल. तो आला की आकडे लिहिलेला तो कागद त्याच्यापुढं ठेवा, आणि काम झाल्यावर त्याच जागांवर, दारं तशीच लावून, त्याच्यासमोर पुन्हा मोजून मगच पैसे द्या.